जिद्द पुरे, दाराचं बोला

कोविडच्या एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांची गोष्ट सांगणारा जो तो टेडी बेअरपासून सुरुवात करतो. साल १९८५. हंगेरीतली संशोधनाची नोकरी सुटलेली. नवरा आणि दोन वर्षांची मुलगी यांना घेऊन बाई अमेरिकेला निघाल्या आणि गाडी विकून आलेले नऊशे पौंड मुलीच्या टेडी बेअरच्या पोटात शिवून नेले, कारण तेवढा पैसा देशाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. इथून पुढे गोष्ट आपोआप चालते. एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवर, कुणाचा भरवसा नाही, अनुदानाचे अर्ज परत येतायत, बाई चिकटून आहेत, महासाथ येते, लस येते, २०२३ साली नोबेल येतं. टाळ्या.

गोष्ट खरी आहे. मीही ती अशीच सांगितली आहे, आणि ऐकणारे भारावलेले पाहून खूशही झाले आहे. हल्ली मात्र सांगताना एका ठिकाणी जीभ अडखळते. १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कारिको यांना प्राध्यापकपदाच्या वाटेवरून खाली उतरवलं. राहायचं तर खालच्या पदावर, कमी पगारात राहा. त्याच सुमारास त्यांच्या कर्करोगाच्या शंकेने तपासण्या चालू होत्या आणि नवरा व्हिसाच्या भानगडीत हंगेरीत अडकला होता. सांगणारा इथे जरा आवाज उतरवतो आणि ‘पण त्या डगमगल्या नाहीत’ असं म्हणून पुढे सरकतो. त्यांना खाली उतरवणाऱ्यांनी काय पाहून तसं ठरवलं, कशाला वजन दिलं, तोच काटा वापरून आणखी कुणाकुणाला घरी पाठवलं, हे सगळं त्या एका वाक्याखाली गाडलं जातं.

माझं म्हणणं तेवढंच आहे. आरोग्याच्या क्षेत्रात नवं काही घडवणाऱ्या बायकांच्या कहाण्या आपण जिद्दीच्या कहाण्या म्हणून सांगतो आणि त्या भरात दार लावून घेणारा साफ सुटतो. एवढंच नाही, तर बंद दाराचं ऋण असल्यासारखं आपण बोलू लागतो: संकटं आली म्हणून सोनं उजळलं वगैरे. खरं तर यातल्या प्रत्येक कहाणीत एक जागा अशी असते की जिथे दार उघडलं. कुणी उघडलं असेल, चुकून किलकिलं राहिलं असेल, नाइलाजाने उघडावं लागलं असेल. ती जागा शोधली तर हाती काही लागतं. कारण जिद्द ही कुठल्याही संस्थेला नियमावलीत लिहिता येत नाही. दार कधी आणि कुणासाठी उघडायचं हे लिहिता येतं.

कारिकोंचं दार म्हणजे एक झेरॉक्स मशीन. ड्रू वाइसमन १९९७ साली त्या विद्यापीठात आले. दोघांनाही शोधनिबंधांच्या प्रती काढायची सवय, त्यामुळे यंत्रापाशी गाठ पडायची. वाइसमन यांना एचआयव्हीवर लस हवी होती आणि त्यांच्याकडे प्रयोगशाळा चालवायला पैसे होते. कारिकोंकडे आरएनए होता. बाहेरून दिलेला एमआरएनए शरीरात शिरला की प्रतिकारयंत्रणा खवळते, ही मुख्य अडचण. त्यातल्या युरिडिन या घटकाच्या जागी जरासं बदललेलं स्यूडोयुरिडिन घातलं तर ती शांत राहते, हे दोघांनी २००५ साली दाखवून दिलं. पुढच्या लशींचा पाया तो. एवढ्या मोठ्या गोष्टीचा दोरा झेरॉक्सच्या रांगेला बांधलेला असावा, याची लोकांना गंमत वाटते. मला धडकी भरते. वाइसमन दुसऱ्या मजल्यावरचं यंत्र वापरत असते तर?

गर्ट्रूड एलियन यांचं दार युद्धाने उघडलं. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये रसायनशास्त्राची पदवी, तीही उत्तम गुणांनी. पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचे पंधरा अर्ज आणि पंधराही नकार. एका ठिकाणी मुलाखतीत सांगण्यात आलं की तुम्ही प्रयोगशाळेत आलात तर बाकीच्यांचं लक्ष विचलित होईल. मग कुठे शिकवणं, कुठे बिनपगारी काम, कुठे एका खाद्यकंपनीत लोणच्याचा आंबटपणा मोजणं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या, आणि १९४४ साली बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना जागा मिळाली. रात्रीच्या वर्गांना जाऊन पीएचडी चालू होती, तर विद्यापीठाने पूर्णवेळ या नाहीतर सोडा असं सांगितलं. त्यांनी पीएचडी सोडली.

त्या नोकरीतून जे निघालं ते पाहा. रक्ताच्या कर्करोगाने काही महिन्यांत जाणाऱ्या मुलांसाठी ६-मर्कॅप्टोप्युरिन. मूत्रपिंडाचं रोपण शरीराने नाकारू नये म्हणून अॅझाथायोप्रिन. गाउट या सांध्यांच्या दुखण्यावर अॅलोप्युरिनॉल. नागिणीवर आणि हर्पीसवर असायक्लोव्हिर. १९८८ साली नोबेल. आता मला सांगा, १९३७ आणि १९४४ यांच्या मधल्या सात वर्षांत एलियन बाईंच्या जिद्दीत काय बदल झाला? काहीच नाही. बदललं ते बाहेरचं. रोझलिन यालो यांचंही तेच. १९४१ साली तरुण सैन्यात चालले होते म्हणून इलिनॉय विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांना शिकण्या-शिकवण्याची जागा मिळाली, आणि चारशे जणांत त्या एकट्या बाई होत्या. रक्तातलं अत्यंत सूक्ष्म प्रमाणातलं इन्सुलिन मोजण्याची त्यांची आणि सॉलोमन बर्सन यांची पद्धत पुढे असंख्य संप्रेरकांच्या तपासणीला लागू पडली. त्यामागचा मूळ निबंध १९५५ साली एका नियतकालिकाने परत पाठवला होता. यालोंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात छापून दाखवलं. त्यांचा हा खमकेपणा मला फार आवडतो.

इथे कुणीतरी हमखास अडवतं. म्हणतं, बंद दारामुळेच तर कितीतरी जणी वेगळ्या वाटेला गेल्या आणि तिथे त्यांना काही नवं सापडलं. व्हर्जिनिया अपगार यांचं उदाहरण यासाठी नेहमी पुढे केलं जातं. आक्षेप वरवरचा नाही, म्हणून त्यांच्याकडे जरा सावकाश पाहू.

अपगार यांना सर्जन व्हायचं होतं. १९३३ साली कोलंबियातून एमडी झाल्या, सर्जरीत उमेदवारी सुरू केली, हात चांगला होता. विभागप्रमुख अॅलन व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळायला सांगितलं. आपण तयार केलेल्या इतर बायकांचं सर्जन म्हणून बस्तान बसलं नाही, हे एक कारण. चांगली भूल मिळाल्याशिवाय सर्जरी पुढे जाणार नाही, हे दुसरं. माणूस दुष्ट नव्हता, सल्ला त्या काळाच्या हिशेबाने व्यवहारी होता. भूल देणं तेव्हा डॉक्टरांचं काम मानलंच जात नव्हतं, बहुतेक ठिकाणी ते परिचारिका करत. अपगार गेल्या, शिकल्या, १९३८ साली कोलंबियात परत येऊन भूलशास्त्राचा कक्ष उभा केला, निवासी डॉक्टर तयार केले. १९४९ साली त्या कक्षाचा स्वतंत्र विभाग झाला. त्याचं प्रमुखपद एका पुरुषाला मिळालं. अपगार यांना प्राध्यापकपद मिळालं, तिथल्या त्या पहिल्या बाई प्राध्यापक, आणि जिद्दीच्या गोष्टीत आपण हेच दुसरं वाक्य तेवढं सांगतो.

मग त्या प्रसूतीच्या भूलीकडे वळल्या. त्या काळी बाळंतपणात सगळ्यांचे डोळे आईवर असत. बाळ निळं पडलेलं असेल, रडत नसेल, तर ते वाचेल की नाही याचा अंदाज जो तो आपापल्या नजरेने बांधे. एकाला ‘बरं’ वाटणारं बाळ दुसऱ्याला ‘गेल्यात जमा’ वाटे. एके सकाळी रुग्णालयाच्या उपाहारगृहात न्याहारी करताना एका विद्यार्थ्याने विचारलं की नवजात बाळाची अवस्था मोजायची कशी. अपगार म्हणाल्या, सोपं आहे. समोर ‘आपापले ट्रे उचला’ अशा अर्थाचं एक कार्ड होतं. तेच ओढून त्यावर पाच गोष्टी लिहिल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद, त्वचेचा रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. आणि उठून लेबर रूमकडे गेल्या, बघायला की जमतंय का. १९५३ साली ते छापून आलं.

यंत्र नाही, सुई नाही, खर्च नाही. जन्मानंतर एका मिनिटात डोळ्यांनी, कानांनी, हाताने मोजायचं. या मोजणीची खरी करामत अशी की तिने खोलीतल्या कुणाला तरी बाळाकडे बघायला भाग पाडलं. गुण लिहायचे तर बघावं लागतं. तीन गुण लिहिले की काहीतरी करावं लागतं.

आता आक्षेपाकडे. सर्जरीचं दार लागलं म्हणून हे झालं का? दार लागलं म्हणून त्या तिथे पोचल्या, हे मान्य. पण तिथे पोचल्यावर हे घडलं ते वेगळ्या कारणाने. पूर्ण शिकलेली एक डॉक्टर आईच्या उशाशी उभी होती, भूल देऊन झाल्यावर तिचे डोळे बाळाकडे वळायला मोकळे होते, आणि ती जे म्हणेल ते करून पाहायला तिच्या हाताखाली माणसं होती. कामाला आली ती जागा, मोकळी नजर आणि अधिकार. यातलं काहीच सर्जरीची वाट रोखून कुणी दिलेलं नव्हतं. पाण्यात ढकलल्यावर जे पोहून काठाला लागले त्यांनाच विचारत बसलं, तर ढकलणं ही उत्तम शिकवणी आहे असंच उत्तर येणार. बुडालेले बोलायला येत नाहीत.

ज्यांच्याकडे जागा आणि नजर होती पण अधिकार नव्हता, त्यांचं काय होतं हे पाहायला मी नेहमी इंग्लंडमधल्या एका वॉर्डात जाते. एसेक्समधलं रॉचफर्ड रुग्णालय, साल १९५६. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर वॉर्ड यांच्याकडे होता. कोंदट खोलीपेक्षा ऊन-वारा बाळांना मानवतो अशी त्यांची श्रद्धा, त्यामुळे हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात नेत. एक दिवस डॉक्टरांची फेरी चालू असताना त्यांनी जरा संकोचतच एक उघडं बाळ पुढे केलं. बाळाचं अंग फिकट होतं आणि त्यावर एक गडद पिवळा त्रिकोण उठून दिसत होता. डॉक्टरांना वाटलं, काही औषध फासलंय. सिस्टर म्हणाल्या, नाही. हा भाग चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला होता. म्हणजे त्रिकोण नवा नव्हता. बाळ सगळंच काविळीने पिवळं होतं, आणि उन्हाने बाकीचं अंग निवळलं होतं.

त्या क्षणी फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे काही आठवड्यांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, अनपेक्षितपणे कमी भरलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, शब्दशः. १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला. त्यावर तीन नावं आहेत. सिस्टर वॉर्ड यांचं त्यात नाही. निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून निजलेलं बाळ आज जगभर कुठल्याही नवजात विभागात दिसतं. त्या दिव्याने रक्त बदलण्याची जोखमीची वेळ किती बाळांवरून टळली असेल. त्या निबंधाच्या तीन लेखकांवर माझा राग नाही. त्यांनी मापं घेतली, दिवा बांधला, सिद्ध केलं. पण निरीक्षण करणारीला लेखक म्हणायची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अहवाल सांगतो की जगातल्या आरोग्यसेवकांत सुमारे ७० टक्के बायका आहेत आणि वरिष्ठ पदांवर सुमारे २५ टक्के. हे आकडे सहसा न्यायाच्या मुद्द्यासाठी वापरतात. त्यात चूक नाही, पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. रुग्णाच्या उशाशी जे डोळे आहेत त्यांतले बहुतेक बायकांचे. काय बिघडतंय, कुठे अडतंय, कुठली गोष्ट पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडत नाही, हे आधी तिथे दिसतं. आणि ज्या टेबलावर ‘यावर काम करू’ असं ठरतं, तिथवर ते पोचेपर्यंत वाटेत गळतं.

सिसिली साँडर्स यांनी ही गळती आपल्या आयुष्याने बुजवली, पण केवढी किंमत देऊन! त्या आधी परिचारिका. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणाच्या दारातल्या माणसांना वेदना असह्य झाल्यावर मॉर्फिन मागावं लागतं, त्याऐवजी वेदना उसळण्याआधीच ठरल्या वेळेला ते तोंडाने दिलं तर माणूस शुद्धीतही राहतो आणि शांतही, हे त्यांनी लंडनच्या सेंट ल्यूक्समध्ये संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून काम करताना पाहिलं. तिथल्या परिचारिका हे आधीपासून करत होत्या. एका सर्जनने साँडर्सना सांगितलं की हे लोकांच्या गळी उतरवायचं तर वैद्यकीच शिका, नाहीतर तुमचं कुणी ऐकणार नाही. त्या ऐन तिशीत पुन्हा विद्यार्थी झाल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या, १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, उघडलं आणि वेदनाशमनाची अख्खी शाखा उभी राहिली. तीन व्यवसाय केलेली बाई म्हणून त्यांचं कौतुक होतं. मला मधली वीसेक वर्षं दिसतात. परिचारिकांना जे माहीत होतं ते जगाला ऐकवायला एका परिचारिकेला डॉक्टर व्हावं लागलं.

हे सगळं जुनं झालं, आता गुणवत्तेवर निवड होते, असं म्हणणाऱ्यांसाठी कॅनडातला एक प्रसंग आहे. तिथल्या आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१४ साली दोन नव्या योजना काढल्या. एकीत परीक्षकांनी मुख्यतः संशोधनाचा प्रस्ताव तपासायचा, दुसरीत मुख्यतः संशोधक व्यक्ती. संस्थेने काही सिद्ध करायला हे केलं नव्हतं, पण नकळत एक प्रयोग होऊन गेला. सुमारे २४ हजार अर्जांचा अभ्यास २०१९ साली लॅन्सेटमध्ये आला. प्रस्ताव तपासला तेव्हा बायकांचं यश पुरुषांपेक्षा ०.९ टक्क्याने कमी भरलं. व्यक्ती तपासली तेव्हा ४ टक्क्यांनी. एकूण यशाचं प्रमाणच सोळा टक्क्यांच्या आसपास असताना चार टक्के म्हणजे थोडके नव्हेत. म्हणजे गुणवत्तेचा आग्रह धरायचाच असेल तर कागद वाचा, माणूस वाचू नका. ‘नेतृत्व’, ‘धडाडी’, ‘छाप’ असल्या रकान्यांत गुण देताना परीक्षकाच्या मनात एक चेहरा आधीच बसलेला असतो.

हा चेहऱ्याचा मोह उलट बाजूनेही घात करतो. एलिझाबेथ होम्स आठवा. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर शेकडो तपासण्या करू म्हणत २००३ साली कंपनी काढली, काळा स्वेटर आणि घोगरा आवाज यांवर नामवंत माजी मंत्री भाळले, यंत्र मात्र काम करत नव्हतं. २०२२ साली गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. तेव्हाही लोकांनी कागद मागितला नव्हता, चेहरा पाहिला होता. नंतर मात्र रक्ततपासणीत काम करणाऱ्या दुसऱ्या बाईकडे पाहून ‘ही होम्स तर नाही ना’ असं विचारायला तेच लोक मोकळे. कुणी पुरुष उद्योजक बुडाला तर पुढच्या पुरुषाला असं विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

बरं, बायका असल्याने नव्या शोधांत नेमका काय फरक पडतो? मुळात हा प्रश्नच मला आवडत नाही. पुरुषांना असण्याचं कारण कुणी विचारत नाही. तरी उत्तर आहे म्हणून देते. अमेरिकेतल्या १९७६ ते २०१० मधल्या वैद्यकीय पेटंटांचा अभ्यास २०२१ साली सायन्स या नियतकालिकात आला. केवळ बायकांच्या गटाने मिळवलेलं पेटंट स्त्रियांच्या आरोग्याशी संबंधित असण्याची शक्यता केवळ पुरुषांच्या गटापेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त होती. जिचं दुखतं तिला ते दिसतं, यात नवल कसलं. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ते छापलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तोवर या बायकांच्या आरोग्याचा विचार मूल होणं आणि मूल न होऊ देणं, एवढ्यातच आटपत असे. इथे नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. पूर्वी कुणी न विचारलेला प्रश्न विचारला, एवढंच. पॅट्रिशिया बाथ यांनीही तसंच केलं. न्यूयॉर्कमध्ये शिकाऊ डॉक्टर असताना त्यांच्या लक्षात आलं की हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या दवाखान्यात आंधळी माणसं भरपूर दिसतात आणि कोलंबियाच्या नेत्रविभागात फारशी दिसत नाहीत. दोन्ही ठिकाणी त्याच शहरातली माणसं. मोतीबिंदूवर लेझर वापरायच्या तंत्राचं पेटंट त्यांना १९८८ साली मिळालं, पण मला वाटतं त्यांचा मोठा शोध तो पहिलाच होता.

प्रश्न विचारणारं कुणी नसलं की काय होतं, त्याचा दाखला रोजच्या गोळीत आहे. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाली. ती बायकांच्या शरीरातून हळू उतरते, सकाळी गाडी चालवताना अंमल उरलेला असतो. म्हणून बायकांसाठी मात्रा दहावरून पाच मिलिग्रॅमवर आणा, असं औषध प्रशासनाने २०१३ साली सांगितलं. एकवीस वर्षं. याच प्रशासनाने १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळा असं मार्गदर्शन केलं होतं आणि १९९३ साली ते मागे घेतलं. हेतू जपण्याचा होता. जपता जपता बायकांच्या शरीराची माहितीच गोळा झाली नाही.

जपण्याची आणि त्यागाची भाषा या क्षेत्रात फार चालते. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं. १९६९ साली त्यांना हैनान बेटावर पाठवलं तेव्हा चार वर्षांची मुलगी पाळणाघरात आणि धाकटी आजी-आजोबांकडे ठेवून त्या गेल्या. एका प्राचीन ग्रंथातली ‘पाण्यात भिजवून पिळून काढा’ ही सूचना वाचून त्यांनी उकळणं सोडून कमी तापमानाला अर्क काढला, १९१ वा नमुना लागू पडला, आणि त्याचा पहिला डोस स्वतः घेतला. १९७७ साली त्यावर निबंध निघाला तो कुणाच्याही नावाविना. नोबेल २०१५ साली, त्या ८४ वर्षांच्या असताना. त्यांच्या लेकींचा उल्लेख प्रत्येक परिचयात असतो, आणि मोठ्या अभिमानाने असतो. डोरोथी हॉजकिन यांना पेनिसिलिन आणि बी-१२ यांच्या रचनेसाठी १९६४ साली नोबेल मिळालं तेव्हा एका ब्रिटिश वृत्तपत्राने ‘ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल’ असा मथळा दिला होता. आपण त्यावर हसतो, आणि मुलाखतीला बसलो की ‘घर कसं सांभाळलंत?’ हा प्रश्न आपल्याच तोंडून निघतो. मी स्वतः एकदा विचारला होता. समोरच्या बाई, हृदयाच्या झडपांवर काम करणाऱ्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या आधी ज्यांची मुलाखत घेतलीत त्यांनी काय सांगितलं?’ आधी एक गृहस्थ होते. त्यांना मी विचारलं नव्हतं.

तेव्हा जिद्दीचे पुरस्कार द्यायचे तर खुशाल द्या, पण त्याच संस्थांनी काही रूक्ष गोष्टी कराव्यात. अनुदानाचे अर्ज आधी नाव झाकून, प्रस्तावावर तपासावेत. ‘पदवीनंतर इतक्या वर्षांच्या आत’ ही अट मोजताना बाळंतपणात, आजारपणात, कुणाच्या शुश्रूषेत गेलेली वर्षं वजा करावीत. साँडर्स आजच्या अर्जात वयाच्या रकान्यातच बाद होतील. वॉर्डातून आलेलं निरीक्षण नोंदवायची वही ठेवावी आणि त्यातून निबंध झाला तर वहीत लिहिणारीचं नाव लेखकांत यावं. आणि एखादीला पदावरून उतरवलं, नाकारलं, तर ते कोणत्या निकषावर, हे लेखी द्यावं. कौतुकाच्या भाषणात नंतर तो कागदही वाचून दाखवता येईल.

फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे असा एक कागद होता, फक्त उलट्या अर्थाचा. माहेरचं आडनाव ओल्डहॅम. १९३६ साली त्यांनी शिकागो विद्यापीठात नव्या औषधशास्त्र विभागासाठी अर्ज केला. प्राध्यापक गायलिंग यांचं होकाराचं पत्र आलं: जागा, शिष्यवृत्ती, सगळं. मायना होता ‘प्रिय मिस्टर ओल्डहॅम’. इंग्रजीत या नावाच्या स्त्री आणि पुरुष रूपांत एका अक्षराचा फरक, आणि तो गायलिंग यांच्या नजरेतून सुटला होता. फ्रान्सिसना प्रश्न पडला की खरं काय ते कळवावं का. त्यांच्या शिक्षकांनी सांगितलं, वेडेपणा करू नकोस. होकार कळव, नावापुढे कंसात ‘मिस’ लिही आणि जा.

त्या गेल्या. पुढच्याच वर्षी सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधाने अमेरिकेत शंभरावर माणसं मेली, त्यांत पुष्कळ मुलं. त्यातलं द्रावक विषारी होतं हे दाखवणाऱ्या गायलिंग यांच्या प्रयोगशाळेत त्या काम करत होत्या. सुरक्षिततेचा पुरावा मागितल्याशिवाय औषध बाजारात जाऊ दिलं की काय होतं, हे त्या तिथे शिकल्या. १९६० साली त्या औषध प्रशासनात रुजू झाल्या. नवीन म्हणून त्यांच्याकडे एक सोपंसं प्रकरण दिलं गेलं, इतर देशांत धडाक्याने खपणारी झोपेची आणि गरोदरपणातल्या मळमळीची गोळी. थॅलिडोमाइड. त्यांनी पुरावा मागितला. कंपनीने तगादा लावला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. त्यांनी पुन्हा मागितला. वर्षभराहून जास्त काळ फाइल अडून राहिली, आणि तोवर युरोपातून हातपाय नसलेल्या बाळांच्या बातम्या येऊ लागल्या. जगात अशी दहा हजारांवर बाळं जन्मली. अमेरिकेत औषध मंजूर झालं नव्हतं.

म्हातारपणी केल्सींनी त्या मायन्याबद्दल लिहून ठेवलं आहे. आपलं नाव एलिझाबेथ किंवा मेरी जेन असतं तर ती पहिली पायरी मिळाली असती का, हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही.